वेगळे नळ

अमेरिकेने पहिल्यांदाच काळा राष्ट्राध्यक्ष निवडला, म्हणून अनीशच्या शाळेने त्या देशावर प्रोजेक्ट दिला होता. सिंगापुरात बुकित तिमाहच्या आपल्या कॉन्डोत चंद्रशेखर लेकाला रंगात येऊन सांगत होता, "महायुद्ध जिंकलं आणि साऱ्या जगाचा पुढारी झाला हा देश. पण स्वतःच्या घरात? काळ्यांचा पाण्याचा नळसुद्धा वेगळा. तोही कायद्याने!"

"सो अनफेअर, ला!" अनीश सिंगापुरी ढंगात म्हणाला.

गावाहून पहिल्यांदाच सिंगापूरला आलेले चंद्रशेखरचे बाबा नातवाच्या वहीतलं दोन नळांचं चित्र बघत बसले होते. ते उठून स्वयंपाकघरात गेले. घरकामाला असलेल्या सितीसाठी चंद्रशेखरने सिंकखाली एक लाल प्लास्टिकचा पेला ठेवला होता. बाबा वाकले, तोच घेऊन पाणी प्यायले आणि स्वतः विसळून होता तिथेच पालथा घातला.

"अहो बाबा, तो सितीचा! आपले ग्लास वर आहेत."

"मी लगेच ओळखला रे तो," बाबा म्हणाले,

"गावातल्या हॉटेलाबाहेर माझी कपबशी अशीच वेगळी ठेवलेली असायची."