काजळी

"दोन लाख किलोमीटर पळूनही इंजिन ठणठणीत आहे, ताई. पण धूर गाळणारा फिल्टर काजळीनं भरलाय. गाडी जाते कुठं कुठं?"

"घर, मुलांची शाळा, सासऱ्यांच्या उपचारांसाठी हॉस्पिटल, परत घर."

"तिथंच तर घोळ आहे. जवळच्या फेऱ्यांत ती नीट तापत नाही, मग काजळी जळत नाही, साचत जाते. आता साफ करून देतो, पण अधूनमधून तिला हायवेवर न्या."

"हे तुम्हीच ह्यांना सांगा. मी सांगितलं की त्यांना वाटतं, हिला भटकायला निमित्तच हवंय."

तिनं नवऱ्याला फोन लावला. मेकॅनिकचे हात ऑइलनं माखलेले, म्हणून स्पीकर चालू करून फोन त्याच्या तोंडापाशी धरला. मेकॅनिकला नमस्कार-चमत्काराची सवय नव्हती.

"साहेब, ही आतून पार कोंडलीय. रोज त्याच त्या फेऱ्या मारून हिची वाट लागलीय. अजून वेळ गेलेली नाही. हिला जरा लांब, मोकळं जाऊ द्या. नाहीतर एक दिवस आहे तिथंच बसेल, मग उठायची नाही."

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, अगदी खालचा.

"दिसतंय हो मला, डॉक्टर. वर्षभर बघतोय. पण ती चार दिवस बाहेर गेली, तर इथलं सगळं कोण बघणार?"

मेकॅनिकनं तिच्याकडे बघितलं. ती फिल्टरकडे बघत होती.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मी गाडीचं बोलतोय."