दशांशचिन्हाचं बटण

लेकीला शिकवायचं म्हणून तिच्या गणिताच्या पुस्तकात मी एक धडा पुढे असते. आज दशांशचिन्ह म्हणून ह्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण घेतलं. “येईपर्यंत लावून ठेव,” म्हणत हे मासेमारीला गेले ते वादळातच सापडले. बंदरावरचे साहेब सकाळी म्हणाले, “वाचण्याची शक्यता जवळजवळ शून्य.” लेकीने त्यातलं ‘जवळजवळ’ तेवढं धरून ठेवलं. टेबलावर बटणापुढे खडूने पाच शून्यं काढली, शेवटी एक लिहिला आणि बटण घर मोजत सहा घरं सरकवून एकापलीकडे थांबवलं. “दहाचा उणे सहावा घात. इवलीशी आहे, पण लिहिता येते ना?” “येते की.” फोन वाजला. बोट मिळाली होती. ह्यांना दुपारी झाकून आणणार होते. माझा चेहरा बघून तिने तो एक पुसून तिथेही शून्य काढलं आणि बटण सरकवत राहिली. टेबलाची कड आली. “आई, कुठे थांबू?” मी सुईत दोरा ओवला.