केरा कुणाची?

धोंडीरामाने लग्न ठरताना मिळालेला नारळ ओट्यावर परत ठेवला, शेजारी घडी न मोडलेला फेटा ठेवला आणि पाण्याच्या तांब्याला हातही न लावता तो उभा राहिला. तो नातेपुत्याहून आलेला, नवऱ्यामुलाचा चुलता.

"मथुराबाई, केरामदी खोट न्हाय. पर पोरगी कुणाची त्ये तर कळाय पायजे की. तुमच्या घरात एक पोर आश्रमातनं आणलीया म्हनं. करकंबच्या माणसानं सांगितलं. खोटं आसंल तर तसं म्हणा, मी ह्यो नारळ परत उचलतो."

आता आई ताडकन बोलेल, असं थोरल्या लेकीला, राजाला वाटलं. चाळीच्या नळावर भांडून पहिली घागर भरणारी बाई ती! पण मथुराबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "तुमची मर्जी."

झालं. पोरीचं जमलेलं लग्न दोन शब्दांत मोडलं. धोंडीराम मोटार गाठायला निघून गेला.

आतून केरा आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. तिने नारळ उचलून कानाशी हलवला.

"आक्का, पाणी हाय बग. तुला वड्या करू. डोहाळ्याला बरं."

एवढं बोलून ती घागर घेऊन नळावर गेली. राजा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. केरा रडली असती, चार भांडी आपटली असती, तर राजाला बरं वाटलं असतं.

राजा बाळंतपणासाठी वैरागहून माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. केरा या घरात जन्मलेली नाही हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तेव्हा एकदा बाप गिरणीतून आल्यावर आत्याशी हळू आवाजात बोलत होता, "आय-बाप दोगंबी साथीत गेलं. आमी आश्रमात गेलो आन् पोर पदरात घेतली." कोणती पोर हे तो बोलला नव्हता. बोलायची गरजच काय? शेजारची गोजाबाई दर सणाला हसतहसत सांगायची, "केराला म्या उकिरड्यावरनं उचलली, सुपात घातली, आन् पसाभर जोंधळं घिऊन तुज्या आयेला दिली, म्हणून तर जगली!" आश्रम आणि उकिरडा या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता, पण दहा वर्षांच्या पोरीने तो कसाबसा बसवून घेतला.

पसाभर जोंधळे! आणि वर हसायचं! राजाच्या तळपायाची आग तेव्हापासून मस्तकात जात होती. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. ती टिकली, म्हणून तिचं नाव राजा. आणि धाकटीचं नाव काय, तर केर. रोज हाक मारायची आणि रोज तिला तिची जागा दाखवायची!

राजाच्या सासूबाई कूळ विचारल्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेत नसत. पण केराचं खरं बाहेर आलं असतं, तर राजा त्यांच्यासमोरही उभी राहिली असती. तेवढी तयारी तिने मनाशी कधीच केली होती.

मथुराबाई सूप घेऊन जोंधळे पाखडायला बसली, जणू काही झालंच नाही. राजाला ते बघवेना.

"आये, तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं?"

"खरं त्ये! व्हय, आणलीया, असं म्हणायचं. आणलेली पोर माणूस न्हाय व्हय? कुणाची चोरी केलीया आपण?"

सूप हलत राहिलं.

"आन् केराला तरी कवा सांगणार? सोळा वर्सांची झाली. तिचं आय-बाप कोण, कसं गेलं, तिला आश्रमात कुणी सोडली, ह्ये तिचं हाय. तिच्या जल्माची गोष्ट हाय ती. तू ती पेटीत घालून कुलूप कशापायी लावतीस?"

"हळू बोल, राजा. पोटुशी हाईस."

"हळू बोलू? केर म्हणून नाव ठेवलं, तवा कुणाला लाज वाटली न्हाय. मीच लाजतीया इतकी वर्सं. आज ती नळावरनं आली की मीच सांगणार तिला!"

मथुराबाईचा हात थांबला, पण तोंड उघडलं नाही. ते मिटलेलं तोंड पाहून राजाचा उरलासुरला तोल गेला. जे आयुष्यात कधी बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते बोलून गेली.

"तुज्या पोटची आसती, तर आज आशी गप बसली आसतीस व्हय गं?"

सूप खाली आदळलं. जोंधळे शहाबादी फरशीवर चहूकडे उधळले. मथुराबाई उभी राहिली.

"केराला काय सांगणार हाईस तू? तिला समदं ठावं हाय. तुजा बाप जीव सोडताना तिच्याम्होरंच बोलून गेला."

राजाला आणखीच संताप आला.

"ठावं हुतं? मग ती तरी का बोलली न्हाय? धोंडीराम दारात उभा हुता!"

"मी बोलणारच हुते. सकाळी ह्याच सवालाचा त्येंचा सांगावा आला, तवा तिनं माजं पाय धरलं. म्हणली, माजं लगीन मोडलं तर मोडू दे, आये, पर आक्काला आपण आश्रमातनं आणलीया, ह्ये तिला कवाबी कळू दिऊ नगंस."