मागांच्या खडखडाटात वाढलेली मुलगी

इचलकरंजीच्या मारुती हावळांचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली, तरी मेंदूतज्ज्ञ परचुरे सरांनी उत्तर दिलं नव्हतं.

"साहेब," हावळांनी लिहिलं होतं, "सोळाव्या वर्षीच्या सक्तीच्या चाचणीत एकसारख्या आवाजांमध्ये अचानक वेगळा आवाज ऐकून माझ्या रेणुकाचा मेंदू दचकला नाही. तिला स्किझोफ्रेनिया होणार म्हणून आत्तापासूनच औषधांवर, सरकारी केंद्रात ठेवलंय. पोर चार यंत्रमागांच्या खडखडाटात वाढली. ती कशानं दचकेल?"

निरोगी मेंदूचं माप सरांनीच ठरवलं होतं, शांत वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवरून. पत्र वाचताच त्यांना चूक उमगली होती. पण स्वतःवर भरवसा नसल्यामुळे ते नुसतेच तपासत बसले. आज त्यांनी चूक कबूल करून सरकारला कळवलं आणि हावळांनाही लिहिलं.

"आता तरी सुटेल ना हो ती?" शरयूताईंनी नवऱ्याला विचारलं.

"सुटेल. पण इतकी वर्षं ती औषधं घेतलेली मुलं आईबापांनाही ओळखत नाहीत."

"हे लिहिलंत त्यांना?"

"नाही."

"मग बिचारे पेढे वाटत तिला आणायला जातील, अहो!"

सरांनी चिकटवलेलं पाकीट फोडलं, तेही लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आले.