लेबलाखालचं लेबल

दुकानातून आणलेलं आठवड्याचं सामान ओट्यावर मांडताना सासूबाईंनी तेलाच्या बाटलीवरचं किमतीचं लेबल सहज नखाने सोललं. खाली दुसरं निघालं, कमी किमतीचं. त्याच्याखाली तिसरं, त्याहून कमी. सासूबाईंचा पारा चढला.

"तेल तेच, बाटली तीच, भाव तेवढा बाळसं धरतोय. दिवसाढवळ्या दरोडा आहे हा. चिकटवणाऱ्याचे हात झडले पाहिजेत."

सून नुकतीच त्याच दुकानातली कामाची पाळी संपवून घरी आली होती. तिने दोन थेंब तेल तळहातावर घेतलं आणि बोटांना लागलेला लेबलांचा डिंक चोळून काढू लागली.

सासूबाईंनी जीभ चावली. मग बाटली तिच्या हातावर आणखी कलती केली.

"आणि तुझ्या पगारावर गं? त्यावर चिकटवलंय कधी त्यांनी नवं लेबल?"