फुकटचं प्यादं
औरंगाबादच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्यासमोर पिशोरचे सांडूबाबा बसले. दुसऱ्याच चालीत त्यांनी फुकटचं प्यादं पुढं केलं. पुस्तकात याला गँबिट म्हणतात. आत सापळा असतो. घ्यावं की सोडावं, यातच अर्धा तास गेला, शेवटी घेतलं. तासाभरानं मी मात करणार, एवढ्यात त्यांचं दुसरं प्यादं पटाच्या टोकाला पोचलं. तिथं प्याद्याच्या बदल्यात सगळेच जण वजीर घेतात. बाबांनी घेतला असता, तर मीच जिंकलो असतो. त्यांनी घोडा ठेवला. मलाच मात झाली. टाळ्या वाजल्या, बाबा गोंधळून बघत राहिले. मी विचारलं, "सुरुवातीचं प्यादं का दिलंत?" "समोरच्याला पहिला घास द्यावा." "आणि वजीर सोडून घोडा?" "आमच्या गावी प्यादं ज्याच्या घरात पोचतं, तेच होतं. घोड्याच्या घरात पोचलं, घोडाच होणार की!" "इथं कोणत्याही घरात वजीर मिळतो." बाबांनी कपाळावर हात मारला. "आरं, मग आधी नाय सांगायचं?"