थेंबताईंचा हात

"या दहा नळ्या. वरचे नंबर मी झाकलेत," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात तुम्हीच मोजलेलं रक्त आहे. आज तेच आकडे आले तर तुमचा हात चोख. नाही आले, तर उद्यापासून मला दुसरं माणूस बघावं लागेल."

थेंबताईंनी नुसती मान हलवली. बोटाला टोचून निघालेल्या थेंबभर रक्तातलं अँटीऑक्सिडंट मोजायचं, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना थेंबताईच म्हणत. अकरा वर्षं हेच काम. घरात कमावत्या त्या एकट्याच.

भानगड अशी होती. फळांच्या भुकटीनं रक्तातलं अँटीऑक्सिडंट वाढतं का, हे सरांना बघायचं होतं. साठ अशक्त माणसं निवडली. निम्म्यांना रोज भुकटीची पुडी, निम्म्यांना तशाच रंगाच्या नुसत्या पिठाची. कुणाला काय, हे ना त्या माणसांना ठाऊक, ना थेंबताईंना. तीन महिन्यांनी सरांनी यादी उघडली, तर दोन्हीकडचे आकडे सारखेच वाढलेले.

"पीठ खाऊन रक्त सुधारत असतं, तर मी गिरणीच टाकली असती!" सर कडाडले होते. "तुम्हीच मोजताना घोळ घातलाय."

थेंबताईंनी पहिली नळी उचलली.

"पाणी देऊ का गं?" कोपऱ्यातून मावशींनी विचारलं. बाटल्या धुणं आणि दोन डब्यांतून पुड्या बांधणं हे मावशींचं काम. वीस वर्षांत एक पुडी कमी भरली नव्हती की जास्त.

"नको मावशी. आत्ता बोलू पण नका माझ्याशी."

थेंब पडला. त्यावर रसायन. रंग चढला, नळी यंत्रात गेली, आकडा आला. सरांनी वहीत बघितलं आणि पुढची नळी सरकवली.

दुसरी. तिसरी. सातव्या नळीला थेंबताईंच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, तो त्यांनी खांद्याला पुसला. हात जागचा हलला नाही.

दहावा आकडा आला तसे सर खुर्चीत बसले.

"दहाच्या दहा. ताई, माझं चुकलं. उगाच तुमच्यावर घसरलो."

"असू दे सर," थेंबताई म्हणाल्या. "मावशी, आता द्या पाणी."

"पण मग पीठ खाणारी माणसं सुधारली कशी?" सरांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून उलटली. "काही केल्या डोक्यात शिरत नाही."

"न सुधारायला काय झालं?" मावशी पुडीचा दोरा तोडत म्हणाल्या. "अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना पीठ, असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा नाही, सर. पहिल्याच दिवशी मी दोन्ही डबे एकत्र कालवून टाकले."